कासिकिझ्मु
पोर्तुगालच्या ग्रामीण भागातील स्थानिक पुढाऱ्यांच्या वर्चस्वाची व आश्रयदानाची पद्धत. १८५१ नंतरच्या घटनात्मक राजेशाहीत ती पक्की झाली. जमीनदार, धर्मगुरू, डॉक्टर किंवा वकील असा गावातला वजनदार माणूस ‘कासीक’ म्हणून ओळखला जाई. मुलाची सक्तीच्या लष्करभरतीतून सुटका, सरकारी नोकरी, गावाला रस्ता अशी कामे तो वरच्या ओळखींतून करून देई आणि त्या बदल्यात मते मिळवी. निवडणुकीत मतदारांना मटण-बटाट्याच्या जेवणावळी घातल्या जात. राजा आधी सरकार नेमी, मग निवडणूक होई. त्यामुळे विजय सहसा सत्ताधाऱ्यांचाच असे. १९१० मध्ये प्रजासत्ताक आले, तरी ही पद्धत टिकली. १९१३ च्या कायद्याने निरक्षर कुटुंबप्रमुखांचा मताधिकार गेला आणि गरीब शेतकऱ्याच्या हातचे एकमेव राजकीय साधनही हिरावले गेले.