बाळंतिणीच्या खोलीतले संशोधन

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकाच्या पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहाच दिवस जगले होते. विषय केवळ ग्रंथातून सुचला असे आम्ही मानीत नाही.

पण झोपडीतल्या बाळंतिणीची मोजदाद कोणी करावयाची? ती गडचिरोलीत झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतील बायकांना नवजात बाळे तपासण्यास, जंतुसंसर्गावर घरीच उपचार करण्यास शिकविले. ४७ गावे तुलनेस ठेविली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. हे पदवीचे काम नव्हे, तरी आम्ही त्यास प्रबंधच म्हणू. २०११ पासून सरकारने ही रीत आशाताईंकडे सोपविली. आमच्या किनवटच्या गोंड-कोलामांच्या गुड्यांवर बाळाचे वजन करावयास जाते ती हीच.