अजय-अतुल : लोकप्रिय गीते व त्यांचे चित्रीकरण

मराठी व हिंदी चित्रपटांचे संगीतकार बंधू अतुल (जन्म १९७४) आणि अजय (जन्म १९७६) गोगावले. वडिलांच्या महसूल खात्यातील बदल्यांमुळे त्यांचे बालपण जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर अशा गावांत गेले. नारायणगाव ही तमाशाची पंढरी.

लोकसंगीताचा बाज हे या जोडीचे बलस्थान. ‘नटरंग’मधील (२०१०) ‘अप्सरा आली’ ही बेला शेंडे यांनी गायिलेली ठसकेबाज लावणी. पडद्यावर सोनाली कुलकर्णी नऊवारी व घुंगरांसह फडात ती सादर करतात. ‘जोगवा’तील ‘लल्लाटी भंडार’ला यल्लमाच्या भक्तिपरंपरेचा आवेश आहे. ‘सैराट’साठी (२०१६) हॉलिवूडमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. ‘याड लागलं’मध्ये नायक परश्या विहिरीकडे धावत सुटतो, तेव्हा या वाद्यवृंदातील व्हायोलिने त्याच्या आतुरतेला वेग देतात. त्याच चित्रपटातील ‘झिंगाट’ नाचगाण्याचा जल्लोष मांडते. २०१८ च्या ‘धडक’मध्ये हे गीत हिंदीत आले.

‘जोगवा’साठी त्यांना उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ढोलकी, संबळ आणि सिंफनी यांचा मेळ घालून त्यांनी ग्रामीण सुरांना सर्वदूर श्रोते मिळवून दिले.