कमांडो कट्यारीचे पाठभेद

शस्त्रसंग्रह हा श्रीमंतांचा रिकामपणचा उद्योग होय, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची सर्वसाधारण समजूत आहे. ढाल-तलवारींस निदान पूर्वजांच्या पराक्रमाचें वलय तरी असतें. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील सैनिकांच्या कट्यारी जमवून त्यांच्या पात्यांतील भेद भिंगाखालीं न्याहाळणाऱ्या पाश्चात्य संग्राहकांचें कौतुक तें काय करावयाचें, असें पुष्कळांस वाटेल. तथापि एकाच पोथीच्या अनेक प्रती पुढें मांडून अभ्यासक जसा पाठभेदांवरून त्यांचा काळ ठरवितो, तसेच या पात्यांचेही पाठभेद वाचतां येतात; आणि ते वाचले असतां सेनापतींच्या आत्मचरित्रांत सहसा न सांपडणारी युद्धाची एक बाजू दृष्टीस पडते.

उदाहरणार्थ, फेअरबेअर्न व साइक्स या जोडीच्या नांवानें प्रसिद्ध असलेली कट्यार घेऊं. विल्यम फेअरबेअर्न व एरिक साइक्स हे दोघेही शांघायच्या म्युनिसिपल पोलीसदलाशीं संबद्ध होते. शहर चीनचें, पण त्याच्या आंतरराष्ट्रीय वसाहतींत अंमल परकीयांचा. १९२५ च्या मे महिन्याच्या ३० तारखेस याच पोलिसांनीं निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या. तेथील गल्लीबोळांत मिळालेलें हातघाईचें शिक्षण या दोघांनीं १९४० सालीं इंग्लंडांत आणलें. डंकर्कच्या माघारीनंतर शत्रूच्या किनाऱ्यावर छापे घालणारीं कमांडो पथकें त्याच वर्षीं उभारलीं जात होतीं, व पहारेकऱ्यास निःशब्द गांठणारें हत्यार त्यांस हवें होतें. नोव्हेंबरमध्यें दोघांनीं विल्किन्सन स्वोर्ड कंपनीशीं बोलणें केलें आणि १९४१ च्या आरंभीं पहिल्या कट्यारी बाहेर पडल्या.

या पहिल्या प्रकाराचें रूप खानदानी आहे. पातें निमुळतें, दुधारी, मध्यें उभा कणा असलेलें. मुठीपाशीं त्याचा थोडा भाग सपाट चौकोनी ठेवून त्यावर नांव कोरलेलें. आणि मुठीपुढील आडवी पट्टी इंग्रजी एस अक्षराप्रमाणें वळविलेली. युद्ध लांबलें तसा हा थाट परवडेनासा झाला. १९४२ मध्यें दुसरा प्रकार आला, त्यांत आडवी पट्टी सरळ झाली व सपाट चौकोन नाहींसा होऊन कणा थेट मुठीपर्यंत पोंचला. पुढें तिसऱ्या प्रकारांत मूठही बदलली. पूर्वी पितळेवर बारीक चौकडीचे खांचे पाडीत. आतां हलक्या मिश्रधातूची कंगोरेदार मूठ सांच्यांत ओतूं लागले. पितळ आणि कुशल कारागिरांचे तास यांची टंचाई त्या कंगोऱ्यांत स्पष्ट वाचतां येते. शिवाय पातीं हातानें घासलेलीं असल्यामुळें एकाच प्रकारांतील दोन पातींही तंतोतंत जुळत नाहींत.

अमेरिकेंत या कट्यारीच्या ज्या आवृत्त्या निघाल्या, त्याही अशाच बोलक्या आहेत. केस कंपनीनें घडविलेल्या व्ही-४२ कट्यारीच्या पात्यावर मुठीलगत अंगठा ठेवण्यासाठीं खांचा आहे. मूळ कट्यारीची मूठ गोल, त्यामुळें अंधारांत धार कोणीकडे आहे हें हातास कळत नसे. तो दोष या खांच्यानें दूर केला. उलट कॅमिलस कंपनीनें मरीन रेडर पथकांसाठीं केलेल्या कट्यारीची जस्तमिश्रित मूठ कालांतरानें आंतून ठिसूळ होऊन तडकते. म्हणून तिचें पातें शाबूत पण मूठ मोडलेली, असे नमुने पुष्कळ आढळतात.

आतां खरा प्रश्न असा कीं, संग्राहक यांत मोलाचें तें काय मानतो? बाजारांत सर्वांत मोठी किंमत पहिल्या प्रकारास, तीही पात्यास सहाण न लागलेल्या, कोऱ्या नमुन्यास. अशा किंमतीमुळें बनावट शिक्क्यांचा धंदाही तेजींत चालतो. परंतु या कट्यारीचें टोंक नाजूक. डबे फोडण्यास किंवा दोर तोडण्यास ती वापरली कीं तें मोडे, आणि सैनिक तें घासून पुन्हां अणकुचीदार करी. असें आंखूड झालेलें पातें संग्राहकाच्या लेखीं सदोष, तर इतिहासाच्या लेखीं तेंच सर्वांत बोलकें होय. कोरी कट्यार कारखान्याचा वृत्तांत सांगते. झिजलेली कट्यार माणसाचा सांगते. तिच्यावरून हेंही कळतें कीं, मारण्यासाठीं घडविलेल्या हत्यारास बहुतेक दिवस सुरीचेंच काम पडलें.

मनुष्यवधाचें साधन घरांत शोभेस मांडावें कीं नाहीं, याविषयीं ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं निर्णय करावा. दुरून त्याचा तिरस्कार केल्यानें किंवा त्याला झळाळी देऊन भिंतीवर टांगल्यानें तें आपल्याशीं बोलूं लागत नाहीं. संग्राहकानें निदान एवढें पथ्य पाळावें: पातें घांसूं नये, खूण पुसूं नये, मोडलेलें टोंक नवें करूं नये. पोथीच्या समासांतील कोणा अज्ञात वाचकाची टीप खोडून टाकणारा मनुष्य विद्वान म्हणविला जात नाहीं. सैनिकाच्या सहाणेची खूणही तशीच एक टीप आहे, आणि बहुधा त्या मनुष्याच्या हातची तेवढीच आपणांपर्यंत आली आहे.