स्वस्त मांस, महाग जळण

खाटकाच्या दुकानात डुकराच्या पाठीचं मांस महाग असतं. खांदा, तंगडी आणि पाय स्वस्त. यात चवीचा संबंध फारसा नाही. पाठीच्या स्नायूंना जनावर जिवंत असताना कष्ट कमी पडतात, म्हणून ते मऊ राहतात. खांदा आणि पाय मात्र दिवसभर राबतात. त्या स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या पांढऱ्या, चिवट पडद्यांमध्ये कोलॅजन नावाचं प्रथिन भरलेलं असतं. ते पाण्यात बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं. मग तेच चिवट मांस बोटानं तुटेल इतकं मऊ पडतं आणि रस्सा ओठांना चिकटायला लागतो.

अडचण आहे ती ‘बराच वेळ’ या दोन शब्दांत. उघड्या पातेल्यात खांद्याच्या मांसाला अडीच-तीन तास लागतात. म्हणजे खाटकाकडे वाचवलेले पैसे चुलीत जातात. मांसाहाराच्या इतिहासात ही गोष्ट सहसा कोणी मांडत नाही. गरिबाला स्वस्त मांस परवडतं, पण ते शिजवायला लागणारं सरपण आणि वेळ परवडेलच असं नाही.

हे गणित सोडवायचा पहिला मोठा प्रयत्न केला डेनी पापँ या फ्रेंच माणसानं. १६४७ साली ब्ल्वा इथे जन्मलेला हा प्रॉटेस्टंट डॉक्टर पॅरिसमध्ये हायगेन्सच्या आणि पुढे लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली काम करत होता. १६७९मध्ये त्यानं रॉयल सोसायटीला आपलं ‘डायजेस्टर’ दाखवलं: जाड धातूचं भांडं, स्क्रूनं आवळलेलं झाकण, आणि आतली वाफ हाताबाहेर गेली तर तिला वाट देणारी, तरफेवर वजन टांगलेली एक झडप. दोन वर्षांनी त्यानं या यंत्रावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच हाडं मऊ करण्याचा उल्लेख आहे. आत किती तापलंय हे कळावं म्हणून तो झाकणावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो उडून जायला किती वेळ लागतो, हे लंबकावर मोजायचा. आपल्या शिट्ट्या मोजण्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पापँचा हेतू साधा होता. फेकून दिली जाणारी हाडं आणि म्हाताऱ्या जनावरांचं चिवट मांस थोड्या कोळशात खाण्याजोगं झालं, तर गरिबांचं पोट भरेल. पण १२ एप्रिल १६८२च्या रात्री या भांड्यातलं जेवण जेवले ते रॉयल सोसायटीचे सभासद. त्यांच्यातल्या जॉन एव्हलिननं त्याची नोंद रोजनिशीत करून ठेवली आहे. माशांचे काटेसुद्धा बिनधोक खाता आले, गाई-मेंढ्यांची कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली होती आणि या सगळ्याला आठ औंसांपेक्षाही कमी, म्हणजे पाव किलोच्या आतच कोळसा लागला होता. हाडांच्या जेलीवर तर एव्हलिन इतका खूश झाला, की त्यानं ती थोडी बायकोसाठी घरी पाठवली.

भांडं जड होतं, स्क्रू आवळणं कटकटीचं होतं आणि फुटण्याची धास्तीही होती. ते स्वयंपाकघरात रुजलं नाही. विज्ञानाला मात्र त्याचा उपयोग झाला. कोंडलेल्या वाफेच्या अनुभवातून पुढे १६९०मध्ये पापँनं वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याची कल्पना मांडली. १८७९मध्ये शांबेरलाँनं जंतुनाशनासाठी ऑटोक्लेव्ह बनवला, तोही याच घराण्यातला.

गरिबांच्या वाटीपर्यंत पोचलं ते हाडांचं जिलेटिन, आणि तेही वाईट रीतीनं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दार्सेट या रसायनशास्त्रज्ञानं वाफेच्या साहाय्यानं हाडांतून जिलेटिन काढलं आणि पॅरिसच्या इस्पितळांमध्ये त्याचं सूप रुग्णांना मिळू लागलं. हे मांसाच्या तोडीचं अन्न आहे, असा दावा होता. तक्रारी वाढल्यावर विज्ञान अकादमीनं समिती नेमली. १८४१मध्ये मॅजाँदीनं तिचा अहवाल मांडला: नुसत्या जिलेटिनवर कुत्री जगत नाहीत. कारण पुढे विसाव्या शतकात उलगडलं. शरीराला बाहेरूनच घ्यावं लागणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये नसतंच. हाडाभोवतीचं मांस श्रीमंतानं खायचं आणि हाडाचं पाणी गरिबाला ‘पौष्टिक’ म्हणून द्यायचं, या सोयीस्कर हिशेबाला निदान विज्ञानाचा आधार उरला नाही.

गोव्यात याच अडचणीला वेगळं उत्तर मिळालं होतं. पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातल्या सारापातेलचं इथे सोर्पोतेल झालं. डुकराचं मांस, काळीज, हृदय आधी उकडायचं, मग बारीक तुकडे करायचे, परतायचे आणि मसाला-व्हिनेगरमध्ये शिजवायचे. चिवटपणा इथे सुरीनं कापला जातो, आंबटपणानं सैल होतो, आणि मुरायला ठेवलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव आणखी चढते. जळण वाचलं नाही तरी एका जाळात कित्येक दिवसांचं जेवण निघतं. मात्र त्यात बाईचे किती तास जातात, हे कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं.

१९५९ हे साल म्हणूनच महत्त्वाचं. त्या वर्षी मुंबईत हॉकिन्स आणि दक्षिणेत प्रेस्टिज, अशा दोन्ही कंपन्यांनी ब्रिटिश सहकार्यानं भारतात कुकर बनवण्याच्या दिशेनं पावलं टाकली. भारतीय घरात कुकर शिरला तो डाळ-भातासाठी. पण आतली वाफ १२० अंशांच्या आसपास पोचते, आणि तिला डाळ काय नि डुकराचा खांदा काय, सारखंच. तीन तासांचं काम पाऊण तासावर आलं. भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही, कारण चरबीचा फेस झडपेत अडकतो. आच बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईनं सोडली तर आतला रस उसळून मांस कोरडं पडतं. एवढं पथ्य पाळलं की पापँचं भांडं आपल्याला साधतं.

आपल्याकडच्या पाककृतींच्या पुस्तकांत मात्र हे मांस क्वचितच सापडतं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती २०१५ साली नोंदवली, तोवर अशा ताटांना छापील मराठीत जवळजवळ जागाच नव्हती. स्वस्त मांस शिजवणाऱ्यांनी ते शतकानुशतकं शिजवलं. लिहिणाऱ्यांनी ते लिहिलं नाही.

पापँ लंडनमध्ये गरिबीतच गेला. १७१३च्या ऑगस्टमध्ये सेंट ब्राइड्स चर्चच्या दफनवहीत त्याच्या नावाची नोंद आहे. आज हाडांचं तेच पाणी ‘बोन ब्रॉथ’ म्हणून बाटल्यांत भरून महागात विकलं जातं, आणि ते विकत घेणारे पुन्हा एव्हलिनच्याच पंगतीतले आहेत.