हैदराबादचें क्लोरोफॉर्म-कमिशन

सांप्रत जालना जिल्ह्यांत मोडणारें तीर्थपुरी हें गांव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याच्या राजधानींत क्लोरोफॉर्मविषयीं जी चौकशी झाली, तिचा उल्लेख या प्रांताच्या इतिहासांत क्वचितच आढळतो. म्हणून तिचा विचार येथें करूं.

शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास मद्य द्यावें असें सुश्रुतसंहिता सांगते. परंतु हुंगावयाच्या औषधानें येणारी भूल 1846 सालीं बोस्टन येथें ईथर देऊन सर्वांसमक्ष सिद्ध झाली, व पुढील वर्षीं सिम्पसन यांनीं एडिंबरो येथें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. 1848 च्या जानेवारींत इंग्लंडांत हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाचें किरकोळ शस्त्रकर्म चालू असतां कांहीं क्षणांतच दगावली. मृत्यूपूर्वीं प्रथम श्वास थांबतो कीं हृदय, हा वाद तेव्हांपासून पेटला.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा पक्ष श्वासाचा होता. भूल देणारानें नाडीकडे न पाहतां श्वासाकडेच लक्ष ठेवावें, असें ते शिकवीत. 1888 च्या पहिल्या कमिशननें त्यांस अनुकूल निर्णय दिला. 'लान्सेट' पत्रानें त्याविषयीं शंका घेतली, तेव्हां निजाम मीर महबूब अली खान यांनीं एक हजार पौंड दिले, व त्या पत्राच्या वतीनें लॉडर ब्रंटन हे 1889 सालीं हैदराबादेस आले. शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले. निर्णय पूर्वीचाच ठरला.

परंतु 1911 सालीं लेव्ही यांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, भूल हलकी असतांनाच हृदय एकाएकीं थरथरून बंद पडूं शकतें. हैदराबादेस बहुतेक जनावरांना श्वास थांबेपर्यंत औषध दिलें गेलें होतें. त्यामुळें आरंभींचा हा धोका नजरेंतून सुटला. हॅनासारख्या मृत्यूंचें कारण नेमकें येथें असूं शकतें.

श्वासाकडे लक्ष ठेवा, ही लॉरींची शिकवण हितकारक होती. नाडीकडे पाहूं नका, ही मात्र घातक. एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या शंभर प्रती आपण एकच साक्ष मानतों. एकाच रीतीनें केलेल्या शेंकडों प्रयोगांसही तोच न्याय लावावयास हवा होता. पोथींत चूक राहिली तर पाठ बिघडतो. येथें चुकीची किंमत रोग्याच्या प्राणांनीं मोजावी लागत होती.