पाहुण्यापुढचे मांस : फळी आणि दोरी

संस्कृतीचा इतिहास लिहिणारे देवळे मोजतात, शिलालेख वाचतात, पोथ्या चाळतात. पाहुण्यापुढे काय वाढले गेले, याची नोंद मात्र क्वचितच कोणी घेते. वास्तविक आपल्या समाजाचे न्यायालय चावडीपेक्षा पंगतीत अधिक कडकपणे भरत आले आहे. कोण कोणाच्या घरी जेवतो, काय जेवतो आणि जेवल्यानंतर त्याचे काय होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत जातिव्यवस्थेचा सगळा कायदा सापडतो. प्रस्तुत लेखात एकाच पदार्थाचा निरनिराळ्या देशांतील प्रवास तपासावयाचा आहे. हा पदार्थ म्हणजे टिकवून ठेवलेले मांस.

मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांत आणि मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांसाठी लाकडी फळी मांडण्याची रीत आता आली आहे. फळीवर खारवलेल्या डुकराच्या मांडीचे कागदासारखे पातळ काप, सलामीच्या चकत्या, चीजचे तुकडे, द्राक्षे, ऑलिव्ह, पाव. या प्रकाराला फ्रेंच नाव आहे, शार्क्युतरी. त्या शब्दाच्या मुळाशी ‘शिजवलेले मांस’ एवढाच साधा अर्थ आहे. पण नाव परके आणि फळी महाग, म्हणून यजमानाची प्रतिष्ठा वाढते. आपल्याकडेही मांस टिकवण्याची कला होती. लांब पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून, मडक्यात भरून ठेवलेल्या त्या मांसाला मराठवाड्यात चान्या म्हणतात. हा शब्द उच्चारताना आपल्यातील शिकलीसवरली माणसे आजही आवाज खाली आणतात. फळीवरचे मांस मिरवायचे आणि दोरीवरचे लपवायचे, हा भेद कोठून आला?

प्रथम फ्रान्सकडे पाहू. गॉल प्रदेशातले, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भूमीतले, खारवलेले डुकराचे मांस रोमच्या बाजारात जात असे, असे स्त्राबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदले आहे. रोमच्या केटोने तर शेतीवरच्या ग्रंथात मांड्या मिठात कशा मुरवाव्यात याची कृती दिली आहे. हे काम मुळात शेतकऱ्याचे. हिवाळ्याच्या तोंडाशी डुक्कर मारायचे, आणि ते एका दिवसात संपणारे नसल्यामुळे मीठ, धूर आणि वारा यांच्या साह्याने पुढच्या महिन्यांसाठी राखून ठेवायचे. मांड्या मिठात, चरबी मडक्यात, आतडी धुऊन त्यांत खिमा. डुकराचा एकही अवयव वाया जात नसे. याचा अर्थ स्पष्ट आहे. आजच्या श्रीमंती फळीचा जन्म काटकसरीत आणि उपासमारीच्या भीतीत झालेला आहे.

पुढे शहरांत याचा धंदा झाला. पॅरिसमध्ये १४७५ च्या सुमारास या लोकांच्या संघाला अधिकृत नियमावली मिळाली. शिजवलेले व भरलेले डुकराचे मांस विकण्याचा हक्क त्यांचा; कच्चे मांस मात्र त्यांनी खाटकांकडूनच घ्यायचे. १५१३ साली बाराव्या लुईने त्यांना डुकरे थेट विकत घेण्याची परवानगी दिली. उमेदवारी कोणी व किती करायची, उस्ताद कोणाला म्हणायचे, माल कोणी तपासायचा, सगळे कागदावर आले. डुकराची जीभ तपासून ते रोगट आहे की नाही हे ठरवणारी माणसेदेखील नेमलेली असत. १७९१ मध्ये क्रांतीने असे सर्व संघ मोडले, पण धंदा आणि त्याची पत राहिली. रक्त, आतडी आणि चरबी यांत दिवसभर हात घालणाऱ्या माणसाच्या दुकानावर पाटी होती, हातात सनद होती, आणि त्याचा माल सरदाराच्या मेजावर जात होता.

यावरून फ्रान्स निष्पाप होता असे कोणी समजू नये. त्याच देशाच्या नैर्ऋत्य भागात कागो नावाचे लोक राहत. त्यांची वस्ती गावाबाहेर. चर्चमध्ये जाण्यासाठी त्यांना वेगळे ठेंगणे दार, पवित्र पाण्याचे पात्र वेगळे, लग्ने आपसात. वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. या बहिष्कृतांचा मुख्य व्यवसाय सुतारकाम होता. लाकडासारखी स्वच्छ वस्तू हाताळणारा माणूस तेथे बाटलेला ठरला आणि डुकराची आतडी धुणारा सनदी व्यावसायिक ठरला. काम घाण म्हणून करणारा घाण, असे जे आपल्याला शतकानुशतके ऐकवले गेले, त्याला एवढे एकच उदाहरण पुरे आहे. विटाळ वस्तूत नसतो. तो कोणाला चिकटवायचा, हे ज्याच्या हाती सत्ता आहे तो ठरवतो.

मांसाचे ताट माणसाची परीक्षा कशी घेते, हे स्पेनमध्ये आणखी उघडपणे दिसते. १४९२ साली ज्यूंना बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांतून निवड करावी लागली. पुढे मुसलमानांवरही तीच वेळ आली. धर्म बदललेल्यांच्या घरांवर इन्क्विझिशनची नजर असे, आणि डुकराचे मांस टाळणे हा संशयाचा पुरावा मानला जाई. अशा देशात पाहुण्यासमोर ठेवलेला खारवलेल्या मांसाचा काप हा केवळ पाहुणचार राहत नाही. खाणारा कोण आहे हे तपासण्याचे ते साधन होते. पोर्तुगीजांबरोबर भरलेल्या आतड्यांची हीच विद्या गोव्यात आली आणि तिथल्या व्हिनेगर-मिरचीत मुरून चोरीस झाली. आज पर्यटक त्याच्या माळा हौसेने घरी नेतात.

आता आपल्या घराकडे वळू. या भूमीत पाहुण्याला मांस वाढण्याची परंपरा नव्हती, असे सांगणाऱ्यांनी आपलेच ग्रंथ उघडावेत. पाणिनीने पाहुण्यासाठी ‘गोघ्न’ हा शब्द सिद्ध केला आहे. ज्याच्यासाठी गाय मारली जाते तो गोघ्न. गृह्यसूत्रांत आचार्य, ऋत्विज, राजा, नवरदेव अशा मान्यवरांच्या स्वागताला मधुपर्क सांगितला आहे, आणि मांसाशिवाय मधुपर्क होत नाही असे आश्वलायन सांगतो. गाय मारावी की सोडावी, हे पाहुण्याने सांगायचे असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हे पुरावे एकामागून एक मांडले. बौद्ध धर्मावर मात करण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांस सोडले, गाय पूज्य ठरवली, आणि मृत गाईचे मांस खात राहिलेले वाताहत झालेले लोक अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धान्त आहे. त्याच्या तपशिलाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंतु जे मांस एके काळी सर्वांत मोठ्या पाहुण्याचा मान होते तेच पुढे माणसाला गावाबाहेर ठेवण्याचे कारण झाले, हा त्यांनी दाखवलेला उलटा प्रवास कोणालाही नाकारता आलेला नाही.

चान्या या उलट्या प्रवासाच्या शेवटच्या टोकाला आहेत. गावात ढोर मेले की ते ओढण्याचे काम महाराचे. कातडे कमावणारा ढोर, जोडा शिवणारा चांभार, जोडा घालणारा पाटील. आणि मांस महारवाड्यात. वाटे पडायचे. एका जनावराचे मांस दोन दिवसांत संपत नाही आणि पुढचे ढोर केव्हा मरेल याचा नेम नाही. म्हणून बाया त्याच्या लांब, पातळ पट्ट्या काढीत, मीठ असेल तर लावीत आणि दोरीवर उन्हात टाकीत. पट्टी जाड राहिली तर आतून सडते, म्हणून हाताला अंदाज लागतो. कावळ्या-कुत्र्यांपासून राखण करावी लागते. ओल पूर्ण गेली की मांस लाकडासारखे कडक होते आणि मडक्यात महिनोन्‌महिने राहते. पावसाळ्यात हाताला काम नसताना ते निखाऱ्यावर भाजायचे नाहीतर कालवणात सोडायचे. शास्त्र तेच, जे फ्रान्सच्या शेतकऱ्याला ठाऊक होते : ओल काढा, सडणे थांबेल. तिकडच्या थंड, दमट हवेत मीठ आणि धूर भरपूर लागे; इकडे उन्हाने ते काम केले. ज्ञान एकाच तोलाचे होते. फक्त आमच्या बायांना संघ नव्हता, नियमावली नव्हती, उस्तादाची पदवी नव्हती.

परंतु येथे आपण सावध राहिले पाहिजे. फ्रान्सचा शेतकरी स्वतः पोसलेले डुक्कर स्वतः मारीत होता. महाराच्या वाट्याला आले ते दुसऱ्याच्या दावणीला मेलेले ढोर, आणि तेही वेठीच्या बदल्यात. बावन्न हक्कांत त्याची गणना करून गावाने गुलामीला हक्काचे नाव दिले. म्हणूनच १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे टाकून द्या, असे सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच स्त्रियांपुढे बोलताना, घरात मेलेल्या जनावराचे मांस येऊ देऊ नका, असे त्यांनी बजावले. स्त्रियांना वेगळे सांगण्यात मोठी दृष्टी होती. मडके त्यांच्या ताब्यात होते. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही, ढोरे ओढणे सोडल्याने उत्पन्न बुडते असे सांगणाऱ्यांना, मग ती ढोरे तुम्हीच ओढा आणि ते उत्पन्न तुम्हीच घ्या, असे उत्तर त्यांनी ऐकवले. हा नकार पोटाला चिमटा घेऊन दिलेला होता. दुष्काळात ज्वारी नसे आणि ढोरे मात्र पटापट मरत. अशा वेळी समोरचे मांस नाकारणाऱ्या माणसांनी काय सोसले असेल, याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही.

पाहुणचाराच्या दुसऱ्या बाजूचाही इतिहास आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाचे पेले समोर आले, तर टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. एका पेल्याने ब्राह्मण्य डळमळते, तर आमच्या घरच्या ताटाने काय झाले असते! १९३६ साली जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातीच्या पाहुण्यांना तुपातले जेवण घातले. पाहुणे जेवत असताना सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले आणि पाहुण्यांना झोडपले. बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाच्या आपल्या निबंधात ही घटना नोंदली आहे. येथे मांसाचा, विटाळाचा काहीच प्रश्न नव्हता. तूप तर गाईचे, पवित्र. गुन्हा एवढाच की अस्पृश्याने पाहुण्याला मानाने जेवू घातले. मेलेले ढोर खाल्ले तर नीच आणि तूप वाढले तर उद्धट. आपल्याला कोणते ताट मोकळे ठेवले होते?

याउलट राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे थांबून चहा घेतला, बरोबरच्यांनाही घ्यावयास लावला. यजमान होण्याचा हक्क हा माणूसपणाचा हक्क आहे, हे या राजाने ओळखले होते. मात्र केवळ सहभोजनाने जात मरत नाही, हेही बाबासाहेबांनी त्याच निबंधात स्पष्ट केले आहे. एका दिवसाची पंगत उठते आणि माणसे आपापल्या वाड्यांत परततात.

आजची स्थिती काय आहे? महार वतने १९५८ च्या कायद्याने संपली. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने दलितांच्या अन्नस्मृतींवर काम झाले. २०१५ साली शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकघराला पुस्तकात जागा दिली, आणि २०२४ मध्ये ते इंग्रजीत गेले. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. परराज्यातून आणलेले मांस बाळगण्याला गुन्हा ठरवणारे कलम २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. आणि त्याच २०१६ च्या जुलैत गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले गेले. त्यानंतर तेथील अनेकांनी मेलेली ढोरे उचलणेच थांबवले. महाडचा नकार नव्वद वर्षांनी पुन्हा उच्चारला गेला.

तेव्हा चान्यांना फळीवर मांडून नवे कौतुक मिळवावे काय? काही मंडळी तसे सुचवतात. मला हा मार्ग अपुरा वाटतो. ज्या मांसामागे वेठ होती त्याला रुचिवैभव म्हणणे म्हणजे वेठीचा इतिहास पुसणे. उलट, त्याची लाज बाळगून गप्प बसणे म्हणजे विटाळ लावणाऱ्याचा निकाल मान्य करणे. आपल्या आज्यांनी जे सोडले ते चवीसाठी किंवा शुद्धीसाठी सोडले नाही. गुलामीशी असलेले नाते तोडण्यासाठी सोडले. आणि त्याआधी जे वाळवले, राखले, वाटून खाल्ले, त्यात पोरे जगवण्याचे शहाणपण होते. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातून झाल्या आहेत. तिचा इतिहास लिहिताना दोन्ही लिहाव्या लागतील, मोठ्या आवाजात. मांस टिकवणाऱ्या पॅरिसच्या कारागिराचे नियम पाचशे वर्षे कागदावर आहेत. आपल्याकडे दोरी विणणारे, पट्टी कापणारे आणि मडके फोडणारे हात अजून काही घरांच्या आठवणीत आहेत. ती माणसे जाण्यापूर्वी त्यांच्यापाशी बसून विचारणे, एवढे काम तरी आपल्या पिढीने करावे.