ऊन पाण्यातले पाय

गेल्या वर्षी माझ्या दादाचा उजवा पाय दुखू लागला. डावा दुखला असता तर घरात कुणी फारसे मनावर घेतले नसते, कारण डाव्याचे दुखणे जुनेच. १९६४ साली, तीन वर्षांचा असताना, त्याला पोलिओ झाला आणि डाव्या पायातली ताकद गेली ती गेलीच. कॅलिपर, काठी आणि उजवा पाय एवढ्या भांडवलावर त्याने नोकरी केली, घर बांधले, दरवर्षी देवाच्या जत्रेला गेला. आता तोच भरवशाचा पाय जिना चढताना कापू लागला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावून सांगितले ते असे. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी मारतो. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि पोरक्या झालेल्या स्नायूतंतूंचाही भार उचलतात. एका माणसाने चार जणांचे काम करावे तसे. काही दशकांनी त्या थकतात. अशा वेळी जमिनीवर घाम गाळून व्यायाम केला तर सुधारण्याऐवजी बिघडते. म्हणून त्यांचा सल्ला: छातीभर कोमट पाण्यात उतरायचे आणि सावकाश चालायचे.

दादा हसला. म्हणाला, "म्हणजे आजीचेच औषध की!"

आमची आजी मे महिन्यात त्याला करंजाळेच्या समुद्रावर न्यायची. पावसाळ्यापूर्वी खाऱ्या पाण्यात डुंबायला किनारा गाठायचा ही आपल्या गोव्यातली जुनी रीत. सांधे धरलेली मंडळी, कंबर दुखणाऱ्या बायका, अंगावर पुरळ उठलेली मुले… सगळ्यांना एकच औषध. आजीला त्यापलीकडचे वैद्यक ठाऊक नव्हते. ती लुगड्याचा कासोटा घट्ट मारून पाण्यात शिरायची, दादाला काखेत धरायची आणि गळ्याएवढे पाणी आले की हात सैल करायची. जो मुलगा घरात कॅलिपरशिवाय उभा राहत नसे, तो तिथे पावले टाकायचा. आजी म्हणायची, "उदकांत कोणूच लंगडो न्हय रे बाबा." डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते हसले होते म्हणे.

दादाच्या दुखण्याच्या निमित्ताने मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज नावाच्या खेड्यात जाऊन पोचलो.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओ झाला. (२००३ साली काही संशोधकांनी तो पोलिओ नसून गियाँ-बारे हा दुसराच मज्जातंतूंचा विकार असावा असे मत मांडले. ते असो, त्यांच्या काळात सर्वांनी पोलिओच मानला.) आदल्याच वर्षी उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला हा उमदा माणूस कमरेखाली लुळा झाला. तीन वर्षे नाना उपाय झाले. मग एका परिचिताने सांगितले की, आपल्या मालकीच्या झऱ्यावर पोहून पोहून एक पोलिओग्रस्त तरुण काठीच्या आधाराने चालू लागला आहे. ऑक्टोबर १९२४ मध्ये रूझवेल्ट तिथे गेले. पडीक होत चाललेले एक लाकडी हॉटेल, भोवती मोडकळीला आलेल्या झोपड्या, आणि मधोमध तो तलाव. पाईन माउंटनवर पडणारा पाऊस जमिनीत हजारो फूट खाली मुरतो, तिथे तापतो आणि झऱ्यातून वर येतो. पाण्याचे तापमान बारा महिने सुमारे ३१ अंश सेल्सिअस. अंगाला ना गार लागते, ना चटका बसतो.

छातीभर पाण्यात रूझवेल्ट आधाराशिवाय उभे राहू शकले. यात चमत्कार नाही. माणूस कमरेपर्यंत पाण्यात उतरला की पायांवर साधारण निम्मेच वजन राहते, आणि गळ्यापर्यंत गेला की जेमतेम दहावा भाग. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सहा किलो पेलावे लागतात. जो स्नायू साठ किलोंपुढे हात टेकतो, तो सहा किलोंना भीत नाही. त्यात पाण्याचा अडथळा असा की जेवढा जोर लावाल तेवढाच उलट मिळतो, त्यामुळे घाई करणाऱ्याला ते आपोआप आवरते. पडलात तरी हाड मोडत नाही. आणि कोमट पाण्याने आखडलेले स्नायू सुटतात, दुखणे उतरते. जाता जाता सांगतो, मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्राचे पाणी सुमारे ३० अंशांचे असते. आजीने थर्मामीटर कधी पाहिला नव्हता!

वृत्तपत्रात रूझवेल्ट यांच्या पोहण्याची बातमी आली आणि १९२५ च्या वसंतात न बोलावता रुग्ण येऊ लागले. एका तरुणाला तर रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून आणावे लागले. डॉक्टर नव्हता, तेव्हा रूझवेल्ट यांनीच पाण्यात उतरून त्यांना व्यायाम शिकवायला सुरुवात केली. तिथे त्यांना थट्टेने 'डॉक्टर रूझवेल्ट' म्हणत. १९२६ साली त्यांनी ती सगळी मिळकत सुमारे दोन लाख डॉलरला विकत घेतली. ही रक्कम त्यांच्या स्वतःच्या संपत्तीचा बराच मोठा भाग होती, आणि घरच्यांना हा व्यवहार वेडेपणाचा वाटला. त्याच वर्षी डॉ. लीरॉय हबर्ड या अस्थिशल्यविशारदाने हेलेना महोनी या फिजिओथेरपिस्ट बाईंच्या मदतीने २३ रुग्णांवर काही महिने लक्ष ठेवले. प्रत्येक स्नायू तपासून नोंद केली. सर्वांत थोडीफार सुधारणा दिसली. १९२७ मध्ये तिथे संस्था स्थापन झाली. तलावात पाण्याखाली टेबले बसवली. रुग्णाला त्यावर निजवून एकेका स्नायूला वेगळा व्यायाम दिला जाई. साधारण त्याच सुमारास, १९२४ मध्ये, लॉस एंजेलिसच्या अस्थिरोग रुग्णालयात डॉ. चार्ल्स लोमन यांनी अंगणातल्या कमळांच्या तळ्याचे उपचाराच्या तलावात रूपांतर केले होते.

पाण्याने बरे करण्याची कल्पना त्याहून जुनी आहे, हे खरे. सायलेशियातला शेतकरी प्रीसनिट्झ, बव्हेरियातला धर्मगुरू क्नाइप, लाइपझिगचा लुई कूने या सगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात जलोपचार लोकप्रिय केला. कूनेचे पुस्तक वाचून गांधीजी कटिस्नान करू लागले. मुंबईत मुलगा मणिलाल तापाने फणफणला तेव्हाही त्यांनी कटिस्नानावर आणि ओल्या चादरीवर भिस्त ठेवली. १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम निघाला तो याच वाटेने. पण तिथे पाणी हे औषध आहे, रोगी ते अंगावर घेतो. वॉर्म स्प्रिंग्जला पाणी ही तालीम झाली. काम रोग्यानेच करायचे, पाण्याने फक्त धरायचे. हा फरक मला मोठा वाटतो. आजीचे मन पहिल्या पंथातले होते, हात मात्र दुसऱ्या.

मग रूझवेल्ट चालू लागले का? नाही. नाव कमावलेल्या जागांविषयी लिहिताना आपण इथे गप्प बसतो, म्हणून स्पष्ट लिहितो. पोलिओतून स्नायूंची जी ताकद परत यायची ती बहुतेक पहिल्या वर्षा-दोन वर्षांत येते. ते झऱ्यावर पोचले तेव्हा तीन वर्षे उलटली होती. मेलेल्या चेतापेशी कुठलाही झरा जिवंत करत नाही. १९२८ मध्ये ते अधिवेशनाच्या व्यासपीठावर पोलादी कॅलिपर घालून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड पकडून उभे राहिले. ते चालणे नव्हे, चालण्याचे सोंग होते, आणि ते त्यांनी वॉर्म स्प्रिंग्जमध्ये रोज घोटवून घेतले होते. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले ते याच पायांवर.

माझ्या लेखी त्या खेड्याची थोरवी दुसरीकडे आहे. उतार बांधलेल्या इमारती, व्हीलचेअर सहज फिरेल असे रस्ते, खुर्च्या ढकलायला गावातले तरुण. रुग्ण तिथे नाटके करत, पत्ते खेळत, प्रेमात पडत. घरी त्यांना मागच्या खोलीत ठेवले जाई, इथे ते दिवाणखान्यात होते.

पण सगळेच नव्हते. १९२५ मध्ये हॉटेलातल्या धडधाकट पाहुण्यांनी तक्रार केली की, आम्हाला या लुळ्यांबरोबर पोहायचे नाही, जेवायचे नाही, रोग लागेल. रुग्णांचे जेवण तळघरात हलवावे लागले, त्यांच्यासाठी तलाव वेगळा काढावा लागला. आणि ज्यांना असे हुसकावले, त्यांच्या संस्थेत काळ्या रुग्णांना मात्र प्रवेश नव्हता. जेवण रांधणारे, कपडे धुणारे यांत काळे लोक होते. काळ्या मुलांसाठी केंद्र निघाले ते जानेवारी १९४१ मध्ये, शेजारच्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे. पैसे दिले रूझवेल्ट यांच्याच पोलिओ निधीने. ते पाणी कुणाचा भार उचलायचा हे विचारत नव्हते, माणसे विचारत होती.

हे वाचताना माझे रक्त थोडे तापले, कारण नेमक्या त्याच दिवसांत मी दादासाठी तरणतलाव शोधत होतो. एका ठिकाणी फी भरायची तयारी दाखवली. तिथल्या व्यवस्थापकाने कॅलिपरकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाला, "साहेब, आमची हरकत नाही हो, पण मेंबरं तक्रार करतात. लहान मुले असतात…" दादा बाहेर बाकावर बसून ऐकत होता. मी भांडायच्या पवित्र्यात होतो. तो म्हणाला, "चल रे, पाणी थंडच असणार."

आता उरलेली गोष्ट थोडक्यात. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियाची सिस्टर केनी अमेरिकेत आली. तोवर पोलिओच्या मुलांचे हातपाय फळ्या बांधून ताठ ठेवत. तिने त्या सोडायला लावल्या आणि गरम लोकरीच्या ओल्या घड्या ठेवून हालचाल सुरू केली. डॉक्टरांनी तिची टिंगल केली, तिचा रोगाविषयीचा सिद्धांत पटण्याजोगा नव्हताही, पण फळ्या गेल्या त्या गेल्याच. १९४९ पासून लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने हॅलिविक नावाच्या शाळेतल्या अपंग मुलींना पोहायला शिकवले. त्याने हवेच्या पट्ट्या वापरल्या नाहीत. एका मुलीमागे एक माणूस, आणि हळूहळू हात सैल सोडायचा. आजीची पद्धत ती हीच! ती आज हॅलिविक पद्धत म्हणून अनेक देशांत शिकवली जाते.

रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्जमध्येच वारले. बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ ला, साल्क यांची लस यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. हळूहळू तलावातली मुले कमी झाली. १९७४ मध्ये संस्था जॉर्जिया राज्याकडे गेली. आपल्याकडे शेवटचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. दादाने ती बातमी वर्तमानपत्रातून कापून कॅलिपरच्या जुन्या खोक्यात ठेवली आहे.

मे महिन्यात मी, माझा पुतण्या आणि दादा पहाटे करंजाळेला गेलो. भरतीची वेळ, पाणी शांत. कॅलिपर वाळूत काढून ठेवला. पुतण्याने एका बाजूने धरले, मी दुसऱ्या. छातीएवढे पाणी आल्यावर दादा म्हणाला, "सोडा." आम्ही सोडले. मी पावले मोजत होतो. तेवीस झाली तेव्हा म्हटले, आता पुरे, बाईंनी दमू नको म्हणून बजावलेय.

"आणखी धा," तो म्हणाला, आणि किनाऱ्याकडे पाठ करून चालू लागला.